डोंगराची बारीक थरथर

मावशीच्या अंगणात उभी राहून एक तरुण मुलगी डोंगर न्याहाळत होती, आणि मावशी तिला. वरच्या उतारावर भेग पडल्यापासून आम्ही सगळे मावशीला खाली गावात चल म्हणून विनवत होतो. ती हलत नव्हती. ही मुलगी, भूगर्भाची अभ्यासक, मात्र तिला काही सांगायला आली नव्हती. भेगेजवळ जेवणाच्या डब्याएवढी यंत्रं पुरून तिला काही महिने नोंदी घ्यायच्या होत्या.

"भूकंप होणार आहे का गं?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी. वारा, नदी, घाटातल्या गाड्या यांनी डोंगर कायमच बारीक थरथरत असतो. एखादा भाग सुटायला लागला की त्याची थरथर बदलते. तेवढीच ऐकायची."

मावशीने जमिनीला तळवा लावला. "मला तर काही कळत नाही."

"मलाही नाही," ती हसून म्हणाली.

माणसाच्या आत काय हलतंय, हेही वरून कुठे कळतं? आम्ही मावशीला इतकं समजावलं, पण ती का हलत नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

उन्हाळ्यात ती मुलगी परत आली. "वरचा भाग सुटतोय मावशी. पावसाआधी निघा."

मावशीने घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे गेले ते याच घरात."

मुलगी तिच्याशेजारी पायरीवर बसली. "सांगा ना," म्हणाली. मावशी दुपारभर बोलत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने सामान बांधलं.

श्रावणात, भर दुपारी, उतार खाली आला. गावातल्या शाळेच्या ओट्यावरून मावशीने आपलं घर मातीखाली जाताना पाहिलं. मग ती मला म्हणाली, "त्या पोरीला फोन लाव. म्हणावं, घरात कुणी नव्हतं."