अकरा गोळ्या जास्त

ऑर्फा फ्यूगेट नऊ वर्षांत एकाही दफनाला गेलेली नाही. पण आमच्या खोऱ्यात तिच्याशिवाय मयत उरकतही नाही. सगळे चर्चमध्ये आणि मग टेकडीवरच्या दफनभूमीत जातात, तेव्हा गेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात ऑर्फा बसते. इथल्या पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या नातेवाइकांपेक्षा चोर जास्त नीट वाचतात. कॅन्सरनं गेलेल्याच्या, खाणीत पाठ मोडलेल्याच्या घरात दुखण्यावरच्या, नशा चढवणाऱ्या गोळ्या उरतात, आणि बारा वाजता घर रिकामं असणार हे छापूनच आलेलं असतं.

तिच्या नवऱ्याच्या वेळी असंच झालं. सगळे परतले तेव्हा टीव्ही जागेवर, पर्स जागेवर, औषधांचा कप्पा तेवढा साफ. त्यानंतर तिनं कुणाला न विचारता हे काम सुरू केलं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलेली बाई, तिला कोण नाही म्हणणार?

मग वॉशिंग्टनहून पैसा आला. गावोगावी व्यसन रोखण्याची व्यवस्था मजबूत करायची म्हणून पाच वर्षांसाठी. सरकारी पैसा आला की आमचे लोक आधी दार लावून घेतात आणि मग पडद्याआडून बघतात. ग्रंथालयाच्या तळघरात समिती बसली. मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं, म्हणून मलाही घेतलं. कामकाज बघायला लेक्सिंग्टन शहरातून कॅसिडी नावाची पगारी मुलगी आली. मुलगी चांगली, पण दर दुसऱ्या वाक्यात ‘व्यवस्था’. ऑर्फाबद्दल ऐकून ती इतकी खूश झाली की ऑर्फाचं बसणं थेट आराखड्यात गेलं आणि त्याला एक फॉर्म चिकटला. घरचे परतले की शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसानं गोळ्या मोजायच्या, बाटलीच्या लेबलाशी ताडायच्या आणि घेऊन जायच्या.

पहिलीच मोजणी हर्शेल कॉडिलच्या घरी झाली. लेबलावर साठ गोळ्या, भरल्याची तारीख मरणाच्याच दिवसाची. बाटलीत निघाल्या एकाहत्तर.

“कमी निघाल्या असत्या तर काय करायचं ते मला ठाऊक आहे,” शेरीफचा एल्बर्ट समितीत म्हणाला. “जास्त निघाल्यावर कुणाला पकडू?”

कॅसिडीनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “जास्तीसाठी रकानाच नाहीये.”

“आधी उचलायच्या, मग घाबरून परत ठेवायच्या,” मी म्हटलं. “अशा माणसाचा हिशेब चुकतोच.”

हे मी म्हटलं, लपवत नाही. ऑर्फाची मुलगी टॅमरा याच गोळ्यांपायी तुरुंगात जाऊन आली होती, हे तळघरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी तिचं नाव काढलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

ऑर्फाला बोलावलं. ती कोट न काढताच बसली.

“गोळ्या वाढल्या कशा गं?” मी विचारलं.

“मला काय माहीत, बाई? मी भांडी घासत होते.”

“घरात कोण कोण आलं होतं?”

“जेवण घेऊन लोक येतातच की. तुम्हीसुद्धा बटाटे घेऊन आलात. मीठ नव्हतं त्यात.”

“नावं सांग.”

“नाही.”

“कुणाला लपवतेयस?”

“त्या घरात बसून दिसतं ते मी तिथंच ठेवते,” ती म्हणाली. “म्हणून लोक मला किल्ली देतात. तुम्हाला कुणी देतं का?”

कुणी देत नाही. ते मला लागलं. ठरलं असं, की पुढच्या वेळी तिच्यासोबत समितीतलं कुणीतरी बसेल. पुन्हा आकडा चुकला तर तिचं नाव यादीतून जाईल आणि एल्बर्ट चौकशी सुरू करेल. चौकशी झालेल्या बाईला या खोऱ्यात पुन्हा कुणी घरात घेत नाही. सोबत बसायला मी आपणहून हात वर केला. मी पकडायलाच गेले होते.

पंधरवड्यानं मॉडी स्टिडम कॅन्सरनं गेली. दफनाच्या दिवशी घरचे निघाल्याबरोबर मी न्हाणीघरात शिरून कडी लावली आणि गोळ्या मोजल्या. बेचाळीस. लेबलावरची तारीख आणि रोजच्या गोळ्या धरता बरोबर तेवढ्याच उरायला हव्या होत्या.

बाहेर आले तर ऑर्फा ओट्याशी पाठमोरी उभी. “किती भरल्या, बाई?”

“बेचाळीस.”

“बरं झालं. आता हात धुवा आणि मला मदत करा.”

लोकांनी आणलेली भांडी ती उलटी करून लावत होती. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. दुसऱ्याचं भांडं घरात राहणं ही लाजेची गोष्ट. आम्ही ती नावं जुळवत होतो तेवढ्यात मागच्या दारी गाडी थांबली. वनीटा स्पार्कमन. रविवारच्या शाळेत पोरांना बायबल शिकवणारी, चर्चमध्ये पुढच्या रांगेत गाणारी. ती या वेळी टेकडीवर असायला हवी होती. हातात सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. मला बघून ती दारातच थबकली.

“बाई, तुम्ही इथे?”

“मी इथे. आणि तू इथे कशी?”

“केक टेबलावर ठेव, वनीटा,” ऑर्फा म्हणाली. “बाई, पोर्चवरून बर्फाची पिशवी आणता का जरा?”

मी जागची हलले नाही. वनीटानं केक ठेवला, न्हाणीघरात गेली, दोन मिनिटांत बाहेर आली आणि निघाली. मी धावत जाऊन बाटली मोजली. अठ्ठेचाळीस.

गाडी मागे वळत होती, तिला मी हातानं थोपवलं. वनीटानं काच खाली केली. चेहरा लालबुंद.

“गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरनं दहा दिवसांत गोळ्या बंद केल्या. रात्र रात्र रडायचे मी. मॉडीनं सहा दिल्या. त्याआधी हर्शेलनं अकरा. आता दुसरा गुडघा झाला, मला नव्या मिळाल्या. मग परत नको द्यायला?”

“अगं, मेलेल्या माणसाला?”

“मेलेल्याचंच आधी द्यावं लागतं. शेजारणीची वाटीभर साखर आणली तर परत करत नाही आपण?”

“ही साखर नाही, वनीटा! हा गुन्हा आहे. देणाऱ्याचाही, घेणाऱ्याचाही.”

“म्हणून तर दफन चालू असताना आले,” ती म्हणाली आणि काच वर केली.

मी आत आले. ऑर्फा ताट पुसत होती.

“विचारलंत?”

“विचारलं. तेव्हाच सांगितलं असतंस तर…”

“तर तुम्ही लिहिलं असतंत.”

लिहिलं असतं. मी खुर्चीवर बसले. “परत ठेवणाऱ्या येतात, तशा नेणाऱ्याही येत असतील.”

“त्यांना मी आत घेत नाही. त्यासाठीच बसते.”

“आणि टॅमरा?”

पुसलेलं ताट तिनं पुन्हा पुसलं. “दोनदा आली. दुसऱ्यांदा पोर्चवर बसून आई, आई करत होती. अर्धा तास. मी कडी काढली नाही.” मग म्हणाली, “हे तुमच्या फॉर्मात कुठं बसतं ते बघा.”

एल्बर्ट एक वाजता यायचा होता. माझ्यापुढे कोरा फॉर्म होता. अठ्ठेचाळीस लिहिले तर ऑर्फा जाते, सहा जास्त का तेही लिहिलं तर वनीटाही. सहा काढून बेचाळीस जुळवले तर गोळ्या उचलून हिशेब जुळवणारी मीच ठरते. मी बाटली उघडली, गोळ्या कॉफीच्या ओल्या चोथ्यात ओतल्या, वर मॉडीच्या मांजराच्या हागण्याच्या पेटीतली माती टाकली आणि पुन्हा कुणाला खाता येऊ नयेत अशा पळीनं ढवळल्या. ऑर्फानं कचऱ्याच्या पिशवीचं तोंड धरलं.

तळघरातली पुढची बैठक माझ्यावर झाली.

“गोळ्या होत्या किती?” कॅसिडीनं विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

“तुम्ही? मोजल्या नाहीत?”

“नाही.”

“आणि नष्ट करताना साक्षीला कोण?”

“ऑर्फा.”

एल्बर्टनं कॅसिडीकडे पाहिलं, कॅसिडीनं टेबलाकडे. छत्तीस वर्षं ज्यांना उठाबशा काढायला लावल्या, त्यांतले समितीत बसलेले दोघे माझ्याकडे, औषधाच्या दुकानाबाहेर रेंगाळणाऱ्याकडे बघतात तसं बघत होते. ऑर्फाचं आणि माझं, दोघींची नावं यादीतून गेली. चौकशी मात्र झाली नाही. चौकशी करायला आकडा लागतो.

महिन्यात आणखी एक मयत झालं. समितीनं आपला नवा माणूस पाठवला. घरच्यांनी त्याला पोर्चवर कॉफी दिली आणि किल्ली ऑर्फाच्या हातात ठेवली. ते कळल्यावर मी तिला फोन केला, पुढच्या वेळी सोबत येऊ का म्हणून.

“नको, बाई. लोकांना तुमचा भरवसा नाही.”

“आणि तुला?”

“बघू,” ती म्हणाली. “अजून वर्षभर तरी बघू.”