हाताऐवजी दिवे

बत्तीचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथंच पडून होतं. सात वर्षांचा असताना त्यानं घरातला एकुलता एक टॉर्च खोलला, सगळे भाग चटईवर ओळीनं मांडले आणि परत जोडताना एक स्प्रिंग उरवली. टॉर्च तरीही लागला. त्या दिवशी तो बत्ती झाला आणि साठी उलटली तरी बत्तीच राहिला. गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि भिंतीवर रंगांप्रमाणे लटकवलेली वायरची भेंडोळी. बाहेर साधी पाटीसुद्धा नव्हती, पण ज्याच्या गाडीचे दिवे भर रस्त्यात जायचे तो विचारत विचारत बरोबर तिथंच यायचा.

आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा बत्ती नऊ वर्षांचा होता, दादा बावीसचा आणि वहिनी एकोणीसची. लग्नाला चार महिने झाले होते. नव्या नवरीच्या पदरात हे आयतं पोर पडलं आणि तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शाळेत बत्ती तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा दादानं घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनीनं ते सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि बत्तीचा हात धरून त्याला थेट एका वायरमनच्या दुकानात नेऊन उभं केलं. "ह्याचं डोकं हातात आहे," ती म्हणाली, "पुस्तकात शोधत बसू नका." पुढे ती त्याचे हात बघून हसायचीही. म्हणायची, दोघा भावांचे हात एकाच साच्यातले, फक्त एकाला शाई लागलेली असते आणि एकाला ग्रीस.

शाई लागायची ती दादाला. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. तिथल्या साहेबानं निवृत्त होताना आपली काळी, गोल दिव्यांची जुनी गाडी त्याला दिली. गाडी दादापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. तिला इंडिकेटर नव्हते, कारखान्यातूनच नव्हते. वळायचं असलं की दादा उजवा हात खिडकीतून बाहेर काढायचा. आणि कसा? खांद्यापासून सरळ, ताठ, तळवा पुढे, जणू हातही त्यानं पट्टी लावून आखला होता. संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असायची. कोपऱ्यावर तो हात बाहेर आला की ती म्हणायची, "आले," आणि चहाचं आधण ठेवायची. अशी चाळीस वर्षं गेली.

मग वहिनी विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा रस्ता. दोनदा ती दुसऱ्याच मोहल्ल्यात सापडली, तेव्हा दादाच्या मुलानं तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात ठेवलं. दादा रोज चारला गाडी घेऊन जायचा. इमारत उजव्या हाताला होती आणि वहिनीची खोली वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. एरवी तिला दादाचं नावही सांगता येत नसे. पण गाडी फाटकात वळली की ती खिडकीतून उठायची, जिना उतरून खाली यायची आणि तासभर, मोजून तासभर, ती त्याची बायको असायची. त्याला रागवायची, कॉलर नीट करायची. तिथल्या सिस्टर सांगायच्या, "आजी माणसं विसरल्या, पण गाडी नाही विसरल्या." सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. बत्तीनंही.

एवढ्यात दादा स्टुलावरून पडला. हाड मोडलं नाही, पण खांदा धरला. चाक फिरवण्यापुरता हात चालायचा, खिडकीबाहेर ताठ धरायचा म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. तरी तो धरायचा. एकदा हात जरा खाली आला, मागच्या ट्रकवाल्याला काही उमगलं नाही आणि तो मडगार्ड घासून गेला. मग मुलानं बापाला स्पष्टच सांगितलं.

"एक तर गाडीला इंडिकेटर लावा, नाही तर किल्ली माझ्याकडे द्या. तुम्हाला मी रिक्षा लावून देतो."

दादा किल्ली मुठीत घेऊन बत्तीच्या दुकानात आला. "रिक्षातून उतरणाऱ्याला ती ओळखणार आहे का रे?" एवढंच म्हणाला. बत्तीला आणखी काही सांगायची गरज नव्हती. गाडी गेली तर तो तास गेला. तो तास म्हणजे दादाजवळ उरलेलं सगळं होतं, आणि ज्या बाईनं आपल्याला माणसात आणलं तिच्यासाठी काही करायची बत्तीला आयुष्यात पहिल्यांदा संधी आली होती.

काम सोपं नव्हतं. आताच्या गाड्या बारा व्होल्टच्या, ही सहाची. शिवाय बॅटरीची प्लस बाजू बॉडीला, म्हणजे सगळाच उलटा संसार. दादानं अट घातली की पत्र्याला भोक पाडायचं नाही. बत्तीनं पुढचे दिवे बंपरच्या बोल्टला आणि मागचे नंबरप्लेटच्या बोल्टला पट्ट्या लावून बसवले. स्टिअरिंगच्या दांड्याला छोटा स्विच आवळला. दहाव्या दिवशी दिवे लागले. उघडझाप जरा सुस्त होती, गाडी जागेवर उभी असली की आणखी मंदावायची, पण होत होती.

"झालं की," दादा म्हणाला. "नेऊ?"

"असं आजारी इंडिकेटर घेऊन जाणार तू? लोक मला हसतील." बत्ती हटून बसला. "थांब थोडं. वहिनीची गाडी आहे ही."

सांगताना राग येतो, पण आपल्या हाताच्या कौतुकात माणूस असा बुडतो. उघडझाप घडवणाऱ्या सहा व्होल्टच्या चांगल्या फ्लॅशरसाठी बत्तीनं तीन भंगारवाले पालथे घातले. दोन फ्लॅशर मेलेले निघाले, तिसरा टिकटिकला. मग त्याला नवी वायर जुन्या गाडीत खुपायला लागली. त्यानं सगळी वायर उपसली, तपकिरी सुती फीत गुंडाळली, एकेका जोडाला कथलाचा डाग दिला आणि परत ओढली. सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत दादा बसनं जायचा, वहिनीजवळ परक्यासारखा बसायचा आणि परत यायचा. बत्तीनं विचारलं की म्हणायचा, "चाललंय. सावकाश कर तू." उजवा हात तो शर्टाच्या खिशात अंगठा अडकवून ठेवायचा, म्हणजे दुखायचा नाही.

गाडी तयार झाली त्या दुपारी बत्तीनं दुकान धुऊन घेतलं. उजवं, डावं, उजवं, डावं. दिवे असे लखलखीत उघडझाप करत होते की समोरचा टायरवालाही हातातलं काम टाकून बघायला आला. दादा निघाला. दीड तासानं परतला.

"ओळखलं?"

"आज जरा थकली होती."

दुसऱ्या दिवशी तिला झोप येत होती. तिसऱ्या दिवशी दादा दुकानाशी थांबलाच नाही. चौथ्या दिवशी बत्तीनं शटर ओढलं आणि गाडीत जाऊन बसला, मागे, दादाच्या पाठीशी. पुढच्या सीटवर वहिनीची उशी होती, तिथं कोणी बसत नसे.

वहिनी खिडकीतच होती. दादानं स्विच दाबला, उजवे दिवे छान टिकटिकले, गाडी फाटकात वळली. वहिनीनं गाडी पाहिली. मग गाडीवरून नजर उचलून ती पुन्हा कोपऱ्याकडे बघायला लागली. दोघे वर गेले तेव्हा तिनं शेजारची खुर्ची पुढे केली. "बसा. आमचे हे येतीलच इतक्यात."

"वहिनी, गाडी आली की!" बत्ती म्हणाला. "आत्ता नाही का वळली? काळी गाडी!"

"गाड्या काय, दिवसभर येतात," ती म्हणाली. "हे हात दाखवतात."

आणि तिनं आपला हात खांद्यापासून सरळ, ताठ धरला. तळवा पुढे.

चाळीस वर्षं तिनं गाडी बघून कधीच आधण ठेवलं नव्हतं. बत्तीच्या डोळ्यांदेखत ठेवायची, हाताकडे बघून. हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत असणार होतं? आणि तोच हात आत घ्यायचं काम त्यानं सात आठवडे राबून, फीत गुंडाळून, डाग देऊन केलं होतं.

खाली येऊन दादानं हात काढून पाहिला. बोटं खिडकीच्या काठापर्यंत पोचली आणि तिथंच राहिली. पुढे पंधरा दिवस तेल झालं, शेक झाला, व्यायामाच्या बाई झाल्या. डॉक्टर म्हणाले, दुखत होता तरी वापरात होता तोवर ठीक होतं. मध्ये दीडदोन महिने बंद राहिला, आता ह्या वयात सुटणं कठीण. बत्ती मान खाली घालून ऐकत होता. दहाव्या दिवशी दिवे लागले होते, हे दादा तिथं म्हणाला नाही. नंतरही कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर बत्तीला बरं वाटलं असतं.

शेवटी कल्पना बत्तीलाच सुचली. मागच्या सीटवर दादाच्या पाठीशी बसायचं आणि फाटक आलं की मागच्या खिडकीतून हात काढायचा. साचा तर एकच. हात घासून त्यानं ग्रीस काढलं, दादाचा पांढरा शर्ट घातला. वळणावर त्यानं हात बाहेर काढला, खांद्यापासून सरळ, ताठ, तळवा पुढे.

वरची खिडकी रिकामी झाली. जिन्यावर चपला वाजल्या. दादानं गडबडीनं केसांवरून डावा हात फिरवला.

वहिनी आली ती थेट मागच्या दाराशी. तिनं बत्तीचा हात धरला, हाताकडे पाहिलं, मग कॉलर नीट केली. "किती हो उशीर! पाणी आटून गेलं सगळं."

"वहिनी, मी बत्ती," तो म्हणाला. "हा बघा दादा, पुढे."

"चला, थट्टा पुरे." ती हसली. किती महिन्यांनी हसली. मग खिडकीतून आत वाकून दादाला म्हणाली, "ड्रायव्हर, गाडी जरा सावलीत लावा. आम्हाला तासभर लागेल."

दादा चाकावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "हो बाई," तो म्हणाला आणि गाडी सावलीत घेतली.

आता रोज असंच असतं. दादा चालवतो, बत्ती हात दाखवतो. एकदा त्यानं आजारी असल्याची सबब सांगितली, तर दादा स्वतः दुकानात आला. "तू नाही आलास तर ती उठतसुद्धा नाही रे," म्हणाला. म्हणून बत्ती जातो. वर तासभर भावाच्या जागी बसतो, जमेल तिथं हो ला हो करतो. खाली ड्रायव्हरला सिस्टर चहा देतात.

काल परतताना दादानं आरशातून विचारलं, "आज काय म्हणाली?" रोज विचारतो. आणि बत्ती रोज शब्दन् शब्द सांगतो, काही गाळत नाही.

"विचारत होती, बत्ती जेवतो का वेळेवर. दुकानात बसला की त्याला भान नसतं म्हणाली. तुम्ही लक्ष ठेवा त्याच्याकडे, म्हणाली."

"मग?"

"ठेवतो म्हणालो."

दादानं पुन्हा आरशात पाहिलं. "माझ्याबद्दल काही?"

"दादा, सगळं तुझ्याशीच तर बोलत होती."

दादानं मान हलवली. घराचा कोपरा आला तसा त्यानं स्विच दाबला आणि गाडी वळवली. वळण संपलं, गाडी दाराशी थांबली, तरी दिवे टिकटिकतच होते. दादा समोर बघत बसला होता. बत्तीनं मागून हात पुढे घातला आणि स्विच बंद केला.