कोरडे सरांचा निळा खडा

अख्खा नगर जिल्हा पावसाची वाट बघायचा आणि आमचे भूशास्त्राचे सर मात्र ढग दिसला की कपाळाला हात लावायचे. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ‘कोरडे सर’ ठेवलं. निरोपसमारंभाच्या पत्रिकेवर त्यांचं खरं आडनाव वाचलं, तेव्हा आम्हीच एकमेकांना विचारलं, हे कोण?

पावसाशी वैर एका खड्यापायी. बोराएवढा, निळाशार, राजस्थानातल्या तांब्याच्या खाणीतून आणलेला. नाव कॅल्कँथाइट. तांब्याच्या दगडातून झिरपलेलं पाणी खाणीच्या भिंतीवर वाळतं आणि मागे हा निळा रंग उरतो. ओल लागली की विरघळतो, हवा फार कोरडी झाली की अंगातलं पाणी गमावून पांढरी भुकटी होतो. म्हणून निसर्गात क्वचितच टिकतो. आपल्या काळ्या पाषाणात तर औषधालाही सापडायचा नाही. “जास्त पाण्यानं मरतो, कमी पाण्यानंही मरतो,” सर बरणीचं झाकण तपासत म्हणायचे, “आपल्या तुरीसारखे नखरे.”

मी जामखेडकडचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. ऊसतोडीवरून आलेल्या दादांना मी ते लांबलचक नाव ऐकवलं, खड्याचं वर्णन केलं.

“म्हंजी मोरचूदच की,” दादा म्हणाले. “लिंबोणीवर फवारत्यात ते.”

“दादा, हे नैसर्गिक हाय. आपोआप झालेलं.”

“मग फुकट मिळत आसंल.”

परीक्षेत मी ‘हे दुय्यम दर्जाचं खनिज आहे’ असं ठोकून दिलं. सरांनी ‘दर्जाचं’ तेवढं खोडलं. “दुय्यम म्हणजे हलकं नव्हे रे. पहिलं खनिज मोडल्यावर त्यातून जे घडतं, ते दुय्यम. पण तुला पहिल्याचंच फार वेड.” वर्ग हसला. मला ते कौतुक वाटलं.

सर निवृत्त झाले आणि विद्यार्थी नाहीत म्हणून विभागही बंद पडला. आता खडा कुणाकडे? मला शंकाच नव्हती. विभागात पहिला मी, आमच्याच जिल्ह्यातल्या, घाटाकडच्या अकोले तालुक्यात शाळेत मास्तर मी. निरोपसमारंभाला मी कापूस घातलेला डबा घेऊनच गेलो. सरांनी बरणी दिली शेवगावच्या संगीताला. ती दुसऱ्या खेपेला पास झालेली.

“सर, पहिला मी आलो होतो,” मी म्हणालोच.

“आलास की. पण अकोल्याचा पाऊस बघितलाय ना? तुझ्याकडं दिला तर श्रावणापर्यंत त्याचं सरबत होईल.”

कापूस घातलेला डबा मी पिशवीत ढकलला. पुढे त्यात चटणी ठेवली.

गेल्या वर्षी सर गेले. महिनाभराने मी शेवगावला गेलो, म्हटलं, खडा नीट ठेवलाय का बघावं. संगीता वडिलांचं शेतीच्या औषधांचं दुकान चालवते. तिने आतल्या कपाटातून बरणी काढली, फडक्याने हात कोरडे केले, झाकण उघडलं. खडा तसाच निळाशार होता. कुठे पांढरा कण नाही.

मला सरांबद्दल काहीतरी मोठं बोलायचं होतं. वाक्य जुळवत मी बरणीवर वाकलो.

“मास्तर, तोंड बाजूला,” संगीता म्हणाली. “वाफ लागती त्याला.”

मी श्वास रोखून धरला.