स्वल्प हळद

चामराजपेटेतल्या रघुपती शिंप्याच्या मनगटाला नाडी लागत नसे. त्याच्या दुबळ्या हृदयाला जोडलेला पंप रक्त सलग ढकलत राही, ठोका असा जाणवतच नसे. गल्लीतले म्हातारे मनगट चाचपून तोंडात बोटं घालत, तेव्हा रघुपती म्हणायचा, "अण्णा, मेलेल्या माणसाकडे कपडे टाकलेत. उद्या या." असा वल्ली माणूस. पंपाच्या बॅटऱ्यांसाठी खिशांचं जाकीटही त्याने स्वतःच बेतलं होतं आणि त्याला लग्नाच्या कोटाचं अस्तर लावलं होतं.

हा पंप म्हणजे कुणाचं तरी हृदय मिळेपर्यंतची सोय. त्याची वायर पोटातून बाहेर येई. तिथली जागा कोरडी ठेवा, पट्टीखाली घरचं काही लावू नका, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हापुन्हा बजावलं होतं.

पण नरकचतुर्दशीला नवऱ्याला अभ्यंग नाही, हे कृष्णाबाईच्या जिवाला लागलं. तिने त्याच्या पाठीला, पायांना तेल चोळलं. मग पट्टी बदलताना वायरीभोवती लाली दिसली. सुई टोचलेल्या त्याच्या बोटांना ती जन्मभर जे लावत आली, तेच घेऊन आली. "हळद आहे. स्वल्पच लावते," म्हणाली. रघुपती नको म्हणणार होता. पण ऑपरेशनपासून तिचा हात इतका निवांत त्याच्या अंगावरून फिरलाच नव्हता. त्याने तिला लावू दिली.

पुढे ताप भरला तो उतरेना. इस्पितळात पट्टी काढल्यावर पिवळा डाग पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? कृष्णाबाई पलंगामागे सरली.

"मीच," रघुपती म्हणाला. "ही घरात नव्हती."

जंतू रक्तातून पंपापर्यंत पोचले होते, मूत्रपिंडंही थकली होती. आता नवं हृदय बसवता येणार नाही, पंप चालेल तोवर चालेल, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. कुणीच तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसेना.

घरी रघुपतीने जाकीट सैल केलं. त्याला अभ्यंगाच्या त्या पहाटेची फार आठवण येत होती.

"तेल आण गं," तो म्हणाला. "आता जपायचं काय राहिलंय?"

कृष्णाबाईने तेल कोमट केलं, वाटी आणून त्याच्याजवळ ठेवली. तो तिच्याकडे पाठ करून बसला. बराच वेळ बसला. तिचा हात काही त्याच्या अंगाला लागेना.