बसऱ्याच्या बागेतलं रिकामं ताट

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. शेजारी पाहुणा आला की तो कुठला, काय घेऊन आला आणि कधी उलथणार, हे आईच्या आधी मला ठाऊक असायचं. "हिला पोलिसात घाला," असं वडील म्हणायचे. पोलिसात काही गेले नाही, मी झाले इंग्रजीची मास्तरीण. रत्नागिरीतल्या शाळेत जीव रमेना, तेव्हा कुवेतमधल्या एका लहानशा खाजगी शाळेची जाहिरात बघून अर्ज टाकला. तिकडची माणसं राहतात कशी, खातात काय, हे बघायला मिळेल एवढ्याचसाठी मी बोटीत बसले, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

एकोणीसशे पन्नास आणि साठच्या मधली ती वर्षं. मातीची घरं पाडून सिमेंटची उठत होती. शाळा भाड्याच्या घरात भरायची आणि मी एका गोव्याच्या शिक्षिकेबरोबर जवळच राहायचे. पिण्याचं पाणी विकत यायचं. वाळूचं वादळ सुटलं की आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायचो, तरी दुपारच्या भातात कचकच लागायचीच. आणि शिक्षिकेला तिकडे म्हणायचे अब्ला. आता बोला! अख्ख्या वर्गाला एका नजरेत गप्प करणारी मी, आणि म्हणे अबला!

संध्याकाळी मी एका कुवेती घरी शिकवायला जायचे. मुलगी मोठी हुशार. तिला कैरोला कॉलेजात जायचं होतं. कुवेतच्या काही मुली गेल्याही होत्या, वडील तयार होते. पण त्या घरात आजीचा शब्द शेवटचा, आणि आजी अजून हो म्हणत नव्हती.

ही आजी शिकवणी चालू असताना समोर गादीवर येऊन बसायची. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण नजर माझ्यावरून हलायची नाही. एकदा तर उठून माझ्या निऱ्या मोजल्या. मी चौकस, पण ही माझ्या वरताण निघाली. तरुणपणी नवऱ्याच्या व्यापारापायी मुंबईत राहिलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायची. तुझा स्वयंपाक कोण करतं? ताप आला तर पाणी कोण देतं? मला आपली गंमत वाटायची. शेवटी एक दिवस ती मुलगी हळूच म्हणाली, "अब्ला, ती तुमच्यावरून माझं ठरवणार आहे. एकटी बाई परमुलखात कशी राहते, ते तिला बघायचंय."

माझ्या जगण्यावर दुसऱ्या कुणाचं कॉलेज टांगलेलं! त्या दिवसापासून मी साडीला इस्त्री केल्याशिवाय त्या घरी गेले नाही.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली की शिक्षक मंडळी चहूकडे पांगायची. इंग्रज बाया बैरूतच्या डोंगरात जायच्या, माझी गोवेकरीण बोट पकडायची. माझी आई गेल्यापासून मला कुठे जायचं हा प्रश्नच असायचा. भाऊ बोलवायचा, पण आई नसलेल्या घरी किती दिवस पाहुणी म्हणून राहणार? म्हणून त्या कुटुंबाने इराकात बसऱ्याला आपल्या खजुराच्या बागेत चला म्हटल्यावर मी 'विचार करते' असंसुद्धा म्हटलं नाही.

वाळवंटातून मोटारीने गेलो. धूळ येऊ नये म्हणून काचा बंद, आत भट्टी. आणि मग एकदम बाग! पाण्याचे पाट, त्यांच्या काठाने खजुराची झाडं, खाली गवत. इतक्या महिन्यांनी हिरवं बघून मला रडूच आलं. रत्नागिरीला असताना मी गवताकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तिथे मी काय काय पाहिलं! खजुरावर चढणारी माणसं कमरेला दोर कशी लावतात, मासा उभा चिरून जाळाशी कसा भाजतात, ते मी जवळ बसून बघितलं. चुलीचा धूर नाकातोंडात गेला, पण हलले नाही. आजी माझ्याकडे बघत होती आणि मी सगळ्यांकडे.

जेवायला बायका एका मोठ्या थाळाभोवती बसायच्या. मी पाहुणी, म्हणून मला वेगळं ताट. आजी स्वतः वाढायची. भाताचा डोंगर, वर मटण. आता आमच्या घरचा नियम असा, की पानात टाकायचं नाही. "पडायच्या आधी नको म्हण, पडल्यावर ते तुझं," असं आई बजावायची. मी "बस, बस" म्हणून हात आडवा धरायचे, आजी हाताच्या पलीकडून वाढायची. मी मुकाट्याने शीत न् शीत संपवायचे. ताट रिकामं झालं की आजी पुन्हा वाढायची. मला वाटलं, काय हा आग्रह! आमच्या लग्नातल्या पंगती फिक्या पडतील. रोज दुपारी मी भिंतीला टेकून देवाचा धावा करायचे. पण ताट कसं, लखलखीत!

एका सकाळी ती मुलगी पाटाच्या कडेला मुसमुसत बसलेली दिसली. आजीने नाही म्हटलं होतं. मी विचारलं, "का गं? माझ्यात काय खोट दिसली?"

"तुम्ही उपाशी आहात," ती म्हणाली. "आमच्याकडे पोट भरलं की पाहुणा ताटात थोडं ठेवतो. तुम्ही एकदाही ठेवलं नाहीत. आजी म्हणते, एकट्या बाईला कुणी पोटभर घालत नाही, बघ कशी तुटून पडते बिचारी. मुंबईत तीही पहिले काही महिने खजूर खाऊन रडत काढत होती. माझ्या नातीला असं उपाशी पाठवणार नाही म्हणते."

मी कपाळाला हात लावला. करायला गेले काय नि झालं काय! पोट फुटेस्तोवर खाल्लं, आणि पोरीचं नशीब माझ्याच हातांनी चाटूनपुसून रिकामं केलं. मला राग आला, हसू आलं, आणि भयंकर लाज वाटली.

दुपारी जेवताना आजी वाढायला वाकली तसा मी तिचा हात धरला. "मी उपाशी नाही," म्हटलं. "गळ्याशी आलंय. पण पानात टाकायचं नाही, असं आईने शिकवलंय."

ती थबकली. "आई कुठे असते तुझी?"

"गेली. बरीच वर्षं झाली."

"मग तू टाकलंस तर कोण रागावणार आहे?"

"कुणी नाही."

"इथे कोण बघतंय?"

"कुणीच नाही. पण माझ्याच्याने टाकवत नाही." आईची इतकी आठवण मला कुवेतच्या एवढ्या दिवसांत आली नव्हती.

आजीने वाढायचा डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती निऱ्या मोजत नव्हती. मग म्हणाली, "शेवटच्या घासात बरकत असते, असं आमच्यातही सांगतात. पाळतं कोण? मला वाटायचं, लांब गेलेली पोर घरचं शिकवलेलं विसरते."

मग ती नातीकडे वळली आणि थाळात तिच्या पुढ्यात उरलेल्या भाताकडे बोट दाखवून अरबीत काहीतरी बोलली. मुलीने ओठ आवळले, तिचे डोळे भरून वाहू लागले.

"अगं, काय म्हणाली?" मला कुठला धीर निघतोय!

"म्हणते, कैरोला जायच्या आधी अब्लासारखं ताट संपवायला शीक."

आणि त्या पोरीने तो गार झालेला भात रडत रडत खायला सुरुवात केली. आजीने डोळे पुसले, आणि माझ्या ताटात आणखी एक डाव भात घातला. मी तोही संपवला.