बोलायला मिळावं म्हणून अर्ज

प्रस्ताव पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. गावी सोयाबीन सोंगायला गेलो होतो. सकाळी मानोऱ्याहून बस धरून वाशीमला आलो तो थेट कॉलेजच्या प्रॅक्टिकललाच. दुपारी खोलीवर पोचलो तेव्हा विळा धरून आखडलेली बोटं नीट वळत नव्हती.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, सुधारावा असं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांची एक परिषद होती. बोलायचं असेल त्यांनी विषय लिहून पाठवा, विद्यार्थ्यांनीही पाठवा, असं आवाहन होतं. त्या 'विद्यार्थ्यांनीही'पाशीच मी किती दिवस अडून होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. चार लोकांसमोर बोलायचं तर आधी कुणाची तरी परवानगी लागते, असंच मला वाटत आलंय.

कसंबसं लिहिलं आणि खोलीतल्या मित्राला दाखवलं. तो आमच्याकडच्याच इंझोरी गावचा. कॉटवर पडल्या पडल्या त्यानं वाचलं.

"अबे, 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की'... प्राचार्याले सुट्टी मांगून राह्यला काय?"

"मंग कसं लिहितेत?"

"मले काय माहीत. पन तू बोलनार काय हायेस, ते यात कुठीच नाही. गाव हाय, तालुका हाय, घरची परिस्थिती हाय."

खरंच नव्हतं. शिष्यवृत्ती, बसचा पास, आजवर जे मिळालं ते असंच लिहून मिळालं होतं. परिस्थिती हलाखीची, संधी द्यावी, आपला आज्ञाधारक. थकलेला हात आपोआप तिकडेच वळला.

"मले सांग बरं, काय बोलनार?"

मी सांगितलं. आमच्या गावात रेंज फक्त गच्चीवर येते. नोंदी ठेवायचं एक मुक्त ॲप मी वापरायचो. रेंज गेली की लिहिलेलं सगळं जायचं. मी त्यात बदल केला. आता ते लिहिलेलं आधी फोनमध्ये ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. हे कसं जमलं, कुठं फसलं, तेवढंच सांगायचंय.

"मंग हेच लिही ना बाप्पा."

सगळं पुसून पुन्हा लिहायचं अगदी जिवावर आलं होतं. तरी लिहिलं, त्याला बोललो तसंच. शेवटची 'नम्र विनंती' मात्र पुसवेना. ती राहू दिली. पाठवलं आणि तिथंच सतरंजीवर आडवा झालो.

"बोलावलं तं जाशीन ना?" त्यानं विचारलं.

"जाईन. पन आता झोपू दे."