पालथी पाटी

प्रेमलता लांजेवारला मायाळू कुणी म्हटलं नाही. मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात ती बावीस वर्षं स्वयंपाक करत होती. मुली तिला पाठीमागे ‘जेलर’ म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. एखादी मुलगी रुसून जेवायला आली नाही, तर प्रेमलता तिची समजूत काढायला जात नसे. तिचं ताट वाढायची आणि जिच्याशी भांडण झालं तिच्याच पुढ्यात नेऊन ठेवायची. रुसलेली धावत यायची. हा उपाय बावीस वर्षांत एकदाही फसला नव्हता.

वसतिगृहात स्वयंपाकाला सात बायका. सातही हंगामी. दर अकरा महिन्यांनी दोन दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवा आदेश द्यायचा, अशी त्यांची नोकरी. तीन वर्षांपूर्वी सातही जणींनी, आम्हाला कायम करा, असा अर्ज विधिमंडळाकडे दिला. अशा अर्जांची सुनावणी आमदारांची एक समिती करते आणि सरकारला शिफारस करते. चार वेळा तारीख पडली, चारही वेळा पुढे गेली. समितीत पंधरा आमदार. त्यातले पाच खुर्चीत बसलेले असले तरच कामकाज होतं. पाच कधी भरले नाहीत.

पाचवी तारीख नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातली होती. प्रेमलता मार्चमध्ये साठ वर्षांची होणार होती. त्याआधी शिफारस झाली नाही तर ती हंगामी म्हणूनच घरी बसणार, हातात काही न पडता. नवरा नत्थूजी कळमन्याच्या बाजारात हमाली करायचा. गुडघे गेल्यापासून तो नंदनवनच्या दोन खोल्यांत बसून असे. बाकीच्या सहा जणींनी तिचं दुपारचं काम वाटून घेतलं आणि प्रेमलतेला पाठवलं.

समितीच्या खोलीत कक्ष अधिकारी मधुसूदन पांढरीपांडे टेबल लावत होते. त्यांची एक जुनी पद्धत होती. जो सदस्य आला नाही, त्याच्या नावाची पाटी ते पालथी घालून ठेवत. त्या दुपारी अकरा पाट्या पालथ्या होत्या.

“चार झाले,” ते म्हणाले. “पाचवे बंटीभाऊ. खाली उपाहारगृहात बसलेत. हजेरीच्या वहीत सही केलीय, पण सही मोजत नाहीत.”

“त बलावा ना त्यायले.”

“दोनदा निरोप गेला. आणखी दहा मिनिटं थांबू, नाही तर पुढची तारीख. मुंबईला, मे महिन्यात.”

“मे महिन्यात मी कोन राहीन साहेब? मार्चमधे मी घरी.”

“नियम मी केलेले नाहीत, बाई.”

“तुमी फक्त पाट्या पालथ्या करता.”

 मधुसूदन फोन लावायला वळले.

बंटीभाऊंच्या रुसण्याचं कारण शिपायांनाही पाठ होतं. निवडणुकीनंतर त्यांना मंत्रिपद मिळणार होतं, ते मिळालं नाही. मग महामंडळ मिळणार होतं, तेही गेलं. उरलं या समितीचं अध्यक्षपद. ते पक्षानं वर्षापूर्वी, दुसऱ्या पक्षातून आलेल्या इंदुताईंना दिलं. दालन, गाडी, दाराशी शिपाई इंदुताईंना. बंटीभाऊंना नुसतं सदस्यपद. तेव्हापासून इंदुताई बैठक घेणार असल्या की बंटीभाऊ सही करून खाली जात.

प्रेमलतेने त्यांची पाटी उचलली आणि पदराआड घेऊन जिना उतरली.

बंटीभाऊ कोथिंबिरीची सांबारवडी खात होते. पन्नाशीचा माणूस, चार कार्यकर्त्यांच्या घोळक्यात. तिने पाटी त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

“हे तुमची हाये ना भाऊ?”

“कुठून आणली वं?”

“टेबलावरून निघाली. तुमच्या खुर्चीवर इंदुताईचा मानूस बसून राहिला म्हन्ते.”

“कोन म्हन्ते?”

“मी सैपाकीन बाई. मले कोन सांगन? भांडे इकडचे तिकडे ठेवाले सांगतेत, मी ठेवतो.”

एक कार्यकर्ता हसला. बंटीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. वडी अर्धी टाकून ते उठले.

खोलीत शिरून त्यांनी पाटी टेबलावर आपटली आणि खुर्चीत बसले. मधुसूदनांनी लगेच घड्याळ पाहून वेळ लिहिली. पाच.

प्रेमलतेला सहा मिनिटं मिळाली. आदेशांच्या झेरॉक्स तिने तारखेप्रमाणे लावल्या होत्या. कुणी प्रश्न विचारला नाही.

“शिफारस करायला हरकत दिसत नाही,” इंदुताई म्हणाल्या.

“थांबा. पहिले हे सांगा, माही पाटी कोनाच्या सांगन्यावरून काढली?”

“तुमच्या पाटीला हात कोण लावतो? ती वर्षभर पालथीच असते.”

दोन सदस्य हसले. बंटीभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. साक्ष झाल्यावर अर्जदाराने बाहेर जायचं असतं. या खडाजंगीत ते कुणालाच सुचलं नाही. प्रेमलतेला एवढंच दिसलं की खुर्ची रिकामी झाली की पुन्हा चार.

“मी काढली,” ती म्हणाली. “इंदुताईचा काही संबंध नाही. झूठ बोलली मी. नाही त तुमी आलेच नसते.”

बंटीभाऊ अर्धे उठले होते, ते खाली बसले. आता त्यांचा राग कुठे काढायचा ते ठरलं होतं.

“वय काय तुयं?”

“मार्चमधे साठ.”

“अध्यक्ष महोदया, माझी एक दुरुस्ती आहे,” बंटीभाऊ एकदम सभागृहातल्या भाषेत बोलू लागले. “ज्यांची सेवा किमान दोन वर्षं उरली आहे, त्यांनाच कायम करावं. उद्या निवृत्त होणाऱ्यांना कायम करून शासनाला काय मिळणार?”

इंदुताईंनी प्रेमलतेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सात जणींचा वाद की सहा जणींचा अहवाल, याचा हिशेब त्यांना अवघड नव्हता. “मान्य,” त्या म्हणाल्या. त्या वर्षभरात दोघांचं एकमत झालेली ही एवढीच गोष्ट.

मधुसूदनांनी ठराव वाचून दाखवला. सहा नावं. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “तुमचं नाव यात येत नाही, बाई. समजलं ना?”

“मले मोजता येते.”

बंटीभाऊ उठू लागले. प्रेमलता दारात जाऊन आडवी उभी राहिली.

“ठरावावर सही होईस्तोवर बसा भाऊ. तुमी उठले त पुन्हा चार होते. मंग त्या सहा बायकाही मुंबईले जातीन.”

“तोंड सांभाळून बोल.”

“सांभाळूनच बावीस वर्षं झाले.”

त्यांनी सही केली. पाच सह्या तिने एकेक करून पाहिल्या. मग टेबलाजवळ जाऊन आडवी पडलेली बंटीभाऊंची पाटी उचलली, मधुसूदन ठेवत तशी पालथी ठेवली आणि निघाली. संध्याकाळच्या कणकेची वेळ झाली होती.